रायफल स्वतः जुळवावी की गनस्मिथकडे द्यावी? प्रश्न चार थाऊंचा आहे

२६ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदुकीच्या 'किट'बद्दल एक निकाल दिला. सुटे भाग डब्यात भरून विकायचे आणि गिऱ्हाइकाने घरी ते जुळवायचे, अशा काही किटना कायद्याने बंदूकच मानता येईल, असे सातविरुद्ध दोन मतांनी ठरले. म्हणजे त्यांच्यावर अनुक्रमांक हवा आणि विकताना गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासायला हवी. ही बातमी वाचून अनेकांनी मला एकच गोष्ट विचारली : तिकडे माणूस घरी बंदूक बनवू शकतो, हे खरे आहे का?

खरे आहे. टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या एका मित्राचा प्रश्न तर त्याच्याही पुढचा होता. त्याला लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी मनासारखी रायफल हवी आहे. तिकडे अशा रायफलीला 'कस्टम' म्हणतात. ती त्याने स्वतः जुळवावी की गनस्मिथला, म्हणजे बंदुका घडवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, पैसे देऊन करून घ्यावी? आम्ही दोघे एकेकाळी एकाच वर्कशॉपमध्ये लेथवर उभे राहिलेलो, त्यामुळे उत्तर त्या भाषेत देणे सोपे गेले. इथे तेच जरा सविस्तर लिहितो. घरी करायची कृती यात सापडणार नाही. निर्णय कशाच्या आधारावर घ्यायचा, एवढाच विषय आहे.

एकच शब्द, तीन वेगळी कामे

'मी रायफल बनवली' असे अमेरिकन माणूस म्हणतो तेव्हा त्याने नेमके काय केले, हे आधी विचारावे लागते.

पहिले काम जुळवणीचे. तयार भाग आणायचे आणि एकमेकांत बसवायचे. दुसरे काम मिळवणीचे, म्हणजे एक भाग दुसऱ्याच्या मापाने कापून, घासून नेमका बसवायचा. आपल्याकडचे फिटर दिवसभर हेच करतात. तिसरे काम खरोखर घडवण्याचे : लोखंडाच्या कांबीपासून नळी, लाकडाच्या ओंडक्यापासून दस्ता.

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात जर्मन वंशाचे कारागीर लांब नळीच्या रायफली करत, तेव्हा ही तिन्ही कामे एकाच छपराखाली व्हायची. एका रायफलीचा भाग दुसरीला बसेलच याची खात्री नसे. ते चित्र पालटले १८२०च्या दशकात. हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारात जॉन हॉल यांनी अशा रायफली तयार केल्या की एकीचा भाग काढून दुसरीला घालता येई. आज आपण मोटारसायकलची क्लच प्लेट दुकानातून आणून सरळ बसवतो, त्यामागे हीच कल्पना आहे. घरी रायफल जुळवणे शक्य झाले ते हॉलसारख्यांमुळे.

आजचा गनस्मिथही नळी घडवत नाही, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. आतून आटे पाडलेली नळी बनवणारे कारखाने वेगळे असतात. गनस्मिथ ती विकत घेतो आणि मिळवणी करतो. त्यामुळे खरा सवाल मधल्या कामाचा आहे, आणि या मधल्या कामातच एक जागा अशी आहे जिथे चूक माफ होत नाही.

कुकरचे झाकण

स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर आठवा. आतला दाब साधारण १५ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर १५ पौंड. तेवढ्या दाबालाही रिंग जुनी झाली की कडेने वाफ सुटते आणि आपण मागे सरकतो.

आता .३०८ विंचेस्टर हे १९५२ सालापासून चालत आलेले काडतूस घ्या. ते उडते तेव्हा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत, दाब ६२,००० पीएसआयपर्यंत जाऊ शकतो. कुकरच्या चार हजार पटींहून जास्त. आणि नेम धरणाऱ्याचा गाल त्यापासून वीतभर अंतरावर असतो.

या कुकरचे झाकण म्हणजे बोल्ट. हाताने मागेपुढे होणारा पोलादी दांडा काडतुसाला मागून दाबून धरतो. बोल्टचा चेहरा आणि चेंबरमधली काडतुसाचा खांदा टेकतो ती जागा, यांच्यातल्या अंतराला 'हेडस्पेस' म्हणतात. याला बोलीतला मराठी शब्द नाही, म्हणून तोच ठेवतो.

हे अंतर कमी पडले तर बोल्ट बंद होत नाही. त्रास होतो, पण धोका तसा कमी. जास्त झाले तर मात्र गोष्ट वेगळी. काडतुसाचे कवच पितळेचे असते. स्फोटाच्या क्षणी ते फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि मागे मोकळी जागा असेल तर बुडापाशी ताणले जाते. पितळ मऊ आणि लवचिक, म्हणूनच ते निवडलेले. पण ताणायलाही मर्यादा आहे. ती ओलांडली की कवच बुडाजवळ फाटते आणि तापलेला वायू मिळेल त्या फटीने मागे येतो. डोळ्यावर चष्मा का हवा, याचे हे एक मोठे कारण.

मर्यादा किती? हे अंतर तपासायला पोलादाची दोन मापे वापरतात. 'गो' मापावर बोल्ट बंद व्हायलाच हवा आणि 'नो-गो' मापावर बंद होता कामा नये. .३०८च्या 'गो' मापाची लांबी १.६३० इंच आणि 'नो-गो'ची १.६३४ इंच. फरक इंचाच्या हजार भागांपैकी फक्त चार भागांएवढा. इंचाच्या हजाराव्या भागाला वर्कशॉपच्या भाषेत 'थाऊ' म्हणतात. म्हणजे हा फरक चार थाऊंचा, साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण तेवढीच असते.

सुतारकामात सूतभर फरक खपून जातो. एक सूत म्हणजे आठवा हिस्सा इंच, १२५ थाऊ. चार थाऊंचे काम डोळ्याने किंवा अंदाजाने होत नाही, हे लेथवर उभ्या राहिलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

मग लोक घरी कसे करतात? चेकनटमुळे

१९५८ साली सॅव्हेज कंपनीने मॉडेल ११० नावाची रायफल बाजारात आणली. उद्देश होता कमी खर्चात रायफल बनवण्याचा. तिची नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी घरात, आट्यांनी बसते आणि वरून एक नट तिला जागच्या जागी पकडतो. नळाच्या जोडणीत प्लंबर चेकनट लावतो, तोच प्रकार. त्यामुळे हेडस्पेस आटे फिरवून साधता येते, दर वेळी लेथवर धातू कापावा लागत नाही. कारखान्याचा वेळ वाचवायला केलेली ही सोय पुढे हौशी लोकांनी उचलली. आज इतर बनावटीच्या रिसीव्हरांसाठीही चेकनटवाल्या तयार नळ्या मिळतात.

रेमिंग्टन ७००, जी १९६२ साली आली आणि अमेरिकन कस्टम रायफलींचा जणू पाया ठरली, तिच्यात असा नट नाही. नळीला खांदा असतो आणि तो रिसीव्हरला घट्ट टेकतो. प्रत्येक रिसीव्हरचे माप एखाद-दोन थाऊंनी वेगळे असू शकते, म्हणून त्या एका रिसीव्हरच्या मापाने ती एक नळी कापावी लागते. हे काम लेथवालाच करू शकतो.

अलीकडे तिसरा मार्ग निघाला आहे. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांमुळे काही कारखाने रिसीव्हर इतके एकसारखे काढतात की खांद्याची नळीही आधीच कापून टपालाने पाठवता येते. या बदलामुळे गनस्मिथांचा धंदा पूर्वीसारखा राहिलेला नाही. जे काम फक्त त्यांच्याकडे होई, त्यातले बरेच आता कारखान्यात होते. तरी तिन्ही पद्धतींत शेवटी 'गो' आणि 'नो-गो' ही दोन मापे घालून पाहणे चुकत नाही. ज्याच्याकडे मापे नाहीत आणि आणायचीही तयारी नाही, त्याने नळीला हात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

गनस्मिथ पैसे कशाचे घेतो?

नळीचे छिद्र कधीच पूर्ण सरळ नसते. उत्तम कारखान्याच्या नळीतही अगदी किंचित वाक असतो. चांगला गनस्मिथ नळी लेथमध्ये धरतो तेव्हा बाहेरच्या गोलाईकडे पाहत नाही. तो आतल्या छिद्राला डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारे घड्याळासारखे माप, लावून नळी सेंटर करतो, म्हणजे छिद्र लेथच्या बरोबर मध्यावर आणतो, कारण गोळी छिद्रातून जाणार असते. मग चेंबर त्या छिद्राच्या रेषेत कापतो. यात अर्धा दिवस जातो आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. ब्लाउजचे शिवणकाम उलटून पाहिल्यावर शिंपी कळतो, तसे हे आहे.

दुसरी गोष्ट दस्त्याची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, ते तुम्ही पाहिले असेल. त्या प्रकारात दहाचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचे. गुडघ्यावर, पालथे झोपून आणि उभे राहून, तिन्ही वेळा शरीर वेगळे, म्हणून रायफलीचा गालाचा आधार आणि खांद्याचा तुकडा पुढेमागे, वरखाली हलवता येतो. ज्याला आपण 'कस्टम' म्हणतो त्याचा मोठा हिस्सा या मोजमापात आहे, आणि तो माणसाला रायफल धरून उभा करून पाहिल्याशिवाय साधत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : जबाबदारी. ती पुढे येते.

"पण स्वतः केले तर स्वस्त पडते ना?"

पहिल्या रायफलीला नाही. अमेरिकेत चांगली कस्टम ॲक्शन, म्हणजे बोल्टसह रिसीव्हर, साधारण हजार डॉलरच्या पुढे जाते. नळी काही शे डॉलरची. नळी कापून बसवण्याची गनस्मिथची मजुरीही काही शे डॉलर होते. ही मजुरी वाचवायला स्वतः लेथ घेणारा माणूस हजारो डॉलर घालतो, शिवाय चेंबर कापायचे रीमर, मापे आणि शिकताना वाया जाणारे धातू वेगळे. दर दोन-चार वर्षांनी नळी बदलणारा स्पर्धक असेल तर हिशेब हळूहळू जमतो. ६.५ क्रीडमोरसारख्या लोकप्रिय काडतुसाची नळी दोन-तीन हजार गोळ्यांत उतरणीला लागते. अशा माणसाला चेकनट किंवा तयार नळीचा मार्ग खरोखर परवडतो.

वर्षातून दोनदा हरणाच्या शिकारीला जाणाऱ्याला हे काहीच लागत नाही. दुकानातली मध्यम किमतीची रायफलही आज शंभर यार्डांवर इंच-दीड इंचात गोळ्या गोळा करते. हे मी मित्रालाही सांगितले आणि त्याला ते आवडले नाही.

"व्हिडिओ पाहून हजारो लोक करतात की"

करतात, आणि बहुतेकांचे ठीकही होते. पण व्हिडिओत जमलेले काम दिसते. आपल्या हातातला विशिष्ट रिसीव्हर, त्याचे झिजलेले आटे, आधीच्या मालकाने केलेली खटपट यांपैकी व्हिडिओवाल्याने काहीच पाहिलेले नसते.

किती छोटी चूक किती मोठी होते याचे एक नोंदलेले उदाहरण आहे. २०१४ साली रेमिंग्टनने मे २००६ ते एप्रिल २०१४ दरम्यान बनलेल्या, 'एक्स-मार्क प्रो' चाप असलेल्या रायफली परत मागवल्या. कारण काय, तर जुळवणी करताना चापाच्या यंत्रणेत चिकटद्रव्य जास्त पडले होते आणि त्यामुळे काही परिस्थितीत चाप न ओढता गोळी सुटू शकत होती. एवढा जुना कारखाना, तपासणीची व्यवस्था असलेला, आणि चूक थेंबभर डिंकाची. घरी टेबलावर चापाची यंत्रणा उघडून 'जरा हलका करतो' म्हणणाऱ्याने हे आठवावे. तयार, बंद चाप विकत आणून कंपनीच्या सूचनेप्रमाणे बसवणे ही एक गोष्ट. आतले पोलाद घासणे ही पूर्ण वेगळी.

तपासणार कोण?

इथे अमेरिका आणि युरोप यांत मोठा फरक आहे, आणि या चर्चेत तो फार कमी ऐकू येतो.

ब्रिटनमध्ये बंदूक विकण्याआधी ती सरकारमान्य 'प्रूफ हाउस'मध्ये न्यावी लागते. लंडनला एक आहे, बर्मिंगहॅमला १८१३ पासून दुसरे. तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस मुद्दाम उडवून पाहतात आणि बंदूक टिकली तर नळीवर शिक्का मारतात. नवी नळी बसवून विकायची तर पुन्हा शिक्का हवा. जर्मनीतही अशीच सरकारी व्यवस्था आहे.

अमेरिकेत सरकारी प्रूफ हाउस नाही. १९२६ साली उद्योगाने स्वतःची एक संस्था काढली, सामी. काडतुसांची मापे आणि दाबाच्या मर्यादा ती ठरवते. कारखाने त्या पाळतात, पण पाळणे ऐच्छिक आहे. म्हणजे घरी नळी बदलणाऱ्या माणसाच्या कामावर दुसरा कुणीही डोळा टाकत नाही. गनस्मिथकडे दिले तर निदान एक असा माणूस मध्ये येतो, ज्याचे नाव, परवाना आणि धंदा त्या कामावर टांगलेला असतो. मी गनस्मिथच्या बाजूने झुकतो ते यामुळे. हात कुणाचा जास्त सफाईदार, हा मुद्दा दुय्यम आहे. दुसऱ्याने तपासणे ही गोष्टच सुरक्षित आहे. इमारतीचा आराखडा काढणाऱ्यानेच तो मंजूर करू नये, तसे.

कायदा काय म्हणतो, विशेषतः तिकडच्या मराठी माणसाला

अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे ज्याला बंदूक बाळगायला मनाई नाही, अशी व्यक्ती स्वतःच्या वापरासाठी विनापरवाना रायफल बनवू शकते. विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. नळी १६ इंचांहून आखूड असेल तर ती १९३४च्या कायद्याखाली वेगळ्या वर्गात जाते आणि आधी परवानगी घ्यावी लागते. २०२५च्या निकालाने स्वतः बनवण्यावर बंदी आलेली नाही. तो निकाल किट विकणाऱ्यांबद्दल आहे. शिवाय कॅलिफोर्निया, न्यू जर्सी यांसारख्या राज्यांचे नियम संघीय कायद्यापेक्षा पुष्कळ कडक आहेत, तेव्हा राज्याचा कायदा आधी पाहावा.

कायद्याच्या दृष्टीने 'बंदूक' म्हणजे रिसीव्हर. नळी, दस्ता, चाप हे नुसते भाग. म्हणून कस्टम रायफल करणारे बहुतेक लोक ॲक्शन परवानाधारक दुकानातून, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून, तपासणी होऊन घेतात आणि बाकीचे टपालाने मागवतात. ज्या 'बेनामी' बंदुकांवरून न्यायालयात वाद झाला, त्यांचा आणि या हौशी लोकांचा संबंध फार थोडा आहे. तरी त्या बंदुकांची काळजी खोटी नाही. अनुक्रमांक नसलेले हत्यार गुन्ह्यात सापडले तर पोलिसांना मागे जायला धागाच उरत नाही, आणि विक्रेत्याला नोंद ठेवायला लावणे मला रास्त वाटते.

आता आपल्या लोकांसाठी. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक तर सोडाच, काडतूसही बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला असलेला एक अपवाद. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. व्हिसावरच्या माणसाने मित्राच्या गॅरेजमध्ये 'मदत' करण्याआधी वकिलाला विचारावे. इथे चूक झाली तर शिक्षेबरोबर देशातले वास्तव्यही जाऊ शकते.

आणि भारतात?

भारतात हा प्रश्नच उद्भवत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणे, विकणे, तिच्यात बदल करणे, दुरुस्त करणे, इतकेच काय तिची चाचणी घेणे यालाही परवाना लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप आहे. तुमच्याकडे बंदुकीचा परवाना असला तरी तो बाळगण्याचा आहे, नळी बदलण्याचा नाही. आजोबांची जुनी बारा बोअर कपाटात असेल आणि घोडा अडकत असेल, तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्यावी. गावातल्या लोहाराच्या हाताला कितीही गुण असला तरी.

मित्राला शेवटी काय सांगितले

दस्ता स्वतः निवड, बसव, गालाचा आधार आठ-दहा दिवस हलवून पाहा. दुर्बीण स्वतः लाव, पण स्क्रू घट्ट करायला टॉर्कचा पाना वापर. नेम चुकण्याची निम्मी कारणे सैल दुर्बिणीतच सापडतात, असे तिकडचे जुने नेमबाज सांगतात. चाप बंद मिळतो तसा घे आणि उघडू नकोस. ही सगळी कामे चुकली तर परत खोलता येतात.

नळी आणि चेंबर गनस्मिथकडे दे. देताना विचार की छिद्राला डायल लावून सेंटर करतो का, हेडस्पेस किती ठेवणार, आणि काम झाल्यावर ते माप लिहून देणार का. जो या प्रश्नांवर वैतागतो त्याच्याकडे देऊ नकोस. पहिली गोळी त्यालाच उडवू दे आणि ते रिकामे कवच मागून घे. त्या पितळेवर तुझ्या चेंबरचा नेमका ठसा उमटलेला असतो. काही हजार गोळ्यांनंतर नळी बदलायची वेळ येईल, तेव्हा नव्या गनस्मिथला दाखवायला तेच कामी येईल.